सेंट मेरीज बेटावरचे दगडी स्तंभ: साताऱ्या-सांगलीहून जायचं तर आधी तिथी बघा

वेण्णातीर (सातारा)

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने युनेस्कोच्या संभाव्य यादीत सात नैसर्गिक स्थळांची भर घातली. त्यात आपलं पाचगणी-महाबळेश्वर आहे, दख्खन ट्रॅपचा (आपल्याकडच्या जुन्या लाव्हाच्या थरांचा) नमुना म्हणून, आणि उडुपीजवळच्या सेंट मेरीज बेटांचा समूहही आहे. तेव्हापासून 'मालप्याला जायचं कसं' हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांत येतो आणि अर्धवट राहतो. म्हणून सगळं एकाच ठिकाणी. ज्यांना जे नक्की ठाऊक आहे त्यांनी भर घालावी. 'आम्ही गेलो तेव्हा' प्रकारचं प्रवासवर्णन कृपया वेगळ्या धाग्यात.

मूळ माहिती एवढी: कर्नाटकात उडुपीच्या पश्चिमेला मालपे बंदर आहे. तिथून समुद्रात सहा-सात किलोमीटरवर ही बेटं उत्तर-दक्षिण रांगेत आहेत. चार मोठी, बाकी सुटे खडक. प्रवासी बोट जाते ती कोकोनट बेटावर. ते सुमारे अर्धा किलोमीटर लांब आणि शंभरेक मीटर रुंद. वस्ती नाही, मुक्कामाची परवानगी नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेलं आहे. बघायचं ते म्हणजे पाच, सहा, सात बाजूंचे दगडी खांब. काही उभे, काही कललेले, काही लाटांनी पार जमिनीलगत झिजवलेले.

रस्ता: सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी. तिथून येल्लापूरमार्गे अंकोला, मग किनाऱ्याच्या महामार्गाने कुमठा, होन्नावर, भटकळ, कुंदापूर, उडुपी. सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. सांगलीकरांना साठ-सत्तर किलोमीटर कमी. हुबळीपर्यंत गाडी पळते, वेळ खातो तो येल्लापूर ते अंकोला हा टप्पा. अरबैल घाटात मालट्रकांची रांग लागली की ओव्हरटेक विसरायचं. त्यामुळे एका दिवसात उडुपी गाठायची असेल तर पहाटे चारला निघा, नाहीतर पहिला मुक्काम कुमठा किंवा होन्नावरला टाका.

आणि एक, हे आधीच सांगून ठेवतो. बेट भरतीला बघितलं तर नारळ, वाळू आणि गर्दी दिसते. खडक बघायचा तर ओहोटी लागते. ट्रिपचं सगळं नियोजन तिथून उलटं मागे यायला हवं, आणि बहुतेक जण ते हॉटेलच्या बुकिंगपासून सुरू करतात.

मिरज_जंक्शन

रेल्वेचं मी सांगतो. गोवा एक्स्प्रेस सातारा, मिरज, बेळगाव, लोंढा करत मडगावला जाते. मडगावला उतरून कोकण रेल्वेच्या मंगळूरकडच्या गाडीने उडुपी. पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्स्प्रेस याच मार्गाने पुढे किनाऱ्याने जाते, म्हणजे गाडी बदलायची कटकट नाही, पण ती आठवड्यातून एकदाच. तुमच्या ओहोटीच्या दिवसाशी तिचा वार जुळला तर उत्तम, नाहीतर मडगावचा बदल बरा.

मडगावला दोन गाड्यांत निदान तीन तासांचं अंतर ठेवा. कॅसलरॉक ते कुळे हा ३७ ला १ चढाचा घाट आहे, तिथे गाडी मुळातच सावकाश उतरते आणि मागेपुढे होते. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरीचे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. काढायचंच तर एकाच पीएनआरवर जोडतिकीट होतंय का ते बघा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, पण तेव्हा बेटावर बोटच नसते, तो प्रश्न आपोआप मिटतो.

उडुपी स्टेशन गावाबाहेर इंद्राळीला आहे. तिथून रिक्षाने गावात, गावातून मालप्याला सिटी बस भरपूर. अंतर फार नाही.

तासगावचा_बेदाणा

एक अडाणी प्रश्न. काळा दगड आपल्याकडं काय कमी आहे का? विहीर खणली तरी तोच, घाटात तोच, लेण्यात तोच. तो बघायला सहाशे किलोमीटर कशाला जायचं राव?

आंबेनळी

बेदाणाभाऊ, प्रश्न अडाणी नाही, पण तो दगड आपला नाहीच. मेख तिथेच आहे.

आपला दगड बेसॉल्ट. सिलिका (वाळूत असतं ते मुख्य द्रव्य) पन्नास टक्क्यांच्या आसपास, लाव्हा पातळ, लांबवर वाहणारा. थरावर थर चढून सह्याद्री झाला. वय साधारण ६.६ कोटी वर्षं. या थरांच्या भूशास्त्रीय नावांत सातारा जिल्हा भरून राहिलाय: वाई उपगट, त्यात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा असे एकावर एक रचनासमूह. जगभरचे भूवैज्ञानिक ही नावं वापरतात.

सेंट मेरीजचा खडक रायोलाइट ते रायोडेसाइट प्रकारचा. सिलिका सत्तर टक्क्यांच्या घरात, लाव्हा घट्ट आणि चिकट, लांब न पळणारा. वय साडेआठ ते नऊ कोटी वर्षं, म्हणजे दख्खनच्या आधी दोनेक कोटी वर्षं. तेव्हा मादागास्कर भारताला चिकटलेलं होतं आणि सुटायला लागलं होतं. त्या फाटण्याच्या वेळी जो ज्वालामुखी झाला त्याचा हा भारताच्या बाजूला उरलेला तुकडा. त्याच काळाचे ज्वालामुखी खडक मादागास्करमध्ये मोठ्या प्रमाणावर आहेत. त्या उद्रेकाचा संबंध मॅरियन नावाच्या तप्तबिंदूशी (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो अशा जागेशी) जोडतात, आपल्या दख्खनचा रियुनियन तप्तबिंदूशी. दोन वेगळ्या भट्ट्या.

पूर्वी या बेटांना दख्खनचाच भाग समजत. खडकाचं वय आणि त्यातलं जुनं चुंबकत्व मोजल्यावर ते मागे पडलं. आणि समोरच्या उडुपीच्या किनाऱ्यावर काय आहे? अडीचशे कोटी वर्षांहून जुने नीस (उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेरी खडक) आणि ग्रॅनाइट, वर जांभ्याचं टोपण. म्हणजे बेटांचं वय ना किनाऱ्याशी जुळतं ना आपल्याशी. म्हणून जायचं.

विटा_टू_वर्ल्ड

म्हणजे आता दोन्हीकडं जागतिक वारसा झाला म्हणायचा. भारीच!

वेण्णातीर (सातारा)

नाही, घाई नको. संभाव्य यादी म्हणजे उमेदवारी अर्ज. पाचगणी-महाबळेश्वरही अजून त्याच रांगेत. साताऱ्यात जागतिक वारसा आहे तो कास, २०१२ ला पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांत गेलेला. तो जैवविविधतेसाठी, खडकासाठी नाही. जांभ्याचा सडा नसता तर ती फुलंही नसती ही गोष्ट वेगळी.

प्रीतिसंगम

खांब तयार कसे होतात ते कुणी सोप्या भाषेत लिहील का? मुलं विचारतात आणि 'थंड होताना तडकतो' याच्या पुढे गाडी जात नाही.

आंबेनळी

ताई, लिहितो, जरा लांबेल.

माण-खटावकडच्या आटलेल्या पाझर तलावात गाळ भेगाळतो तो डोळ्यांसमोर आणा. कारण तेच: आकसणं. गाळ पाणी गेल्याने आकसतो, लाव्हा उष्णता गेल्याने. लाव्हा गोठून घट्ट झाला तरी अजून शेकडो अंश तापलेला असतो. पुढे थंड होताना त्याचं आकारमान घटतं, पण आजूबाजूचा खडक त्याला आत ओढू देत नाही, म्हणून ताण साठतो आणि तडा जातो.

आता तीन गोष्टी मुलांना दाखवता येतात.

पहिली, तडा नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात आत शिरतो. थर आडवा असेल आणि वरून-खालून थंड होत असेल तर खांब उभे. खांब कललेले दिसले तर तो पृष्ठभागच तिरपा होता, किंवा नंतर सगळं हललं. बेटावर दोन्ही दिसतात.

दुसरी, सगळेच सहा बाजूंचे नसतात. तीन भेगा एका बिंदूत १२० अंशांनी भेटल्या की ताण सर्वांत कमी खर्चात मोकळा होतो, त्यामुळे जाळं षटकोनाकडे सरकत जातं, पण सगळीकडे पोचत नाही. पाच आणि सात बाजूंचे भरपूर सापडतात. मोबाइलच्या गॅलरीतले 'परफेक्ट षटकोन' निवडून काढलेले असतात.

तिसरी, जी कुणी बघत नाही. खांबाच्या उभ्या बाजूवर काही सेंटिमीटर रुंदीचे आडवे पट्टे दिसतात का बघा. तडा एका झटक्यात खालपर्यंत जात नाही. थोडा जातो, थांबतो, आणखी थंड झालं की पुन्हा पुढे जातो. प्रत्येक पट्टा म्हणजे एक उडी. पट्टे रुंद असतील तर थंड होणं सावकाश होतं, अरुंद असतील तर झपाट्याने. खांबांच्या जाडीचंही तेच: सावकाश थंड झालेला खांब जाड. लाटांनी घासलेल्या बाजूवर हे पट्टे पुसले जातात, म्हणून जमिनीकडच्या, आडोशाच्या बाजूला शोधा. सूर्य खाली असताना, तिरप्या उजेडात लवकर सापडतात.

जाण्यापूर्वी घरच्या जवळचं बघायचं असेल तर कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला बेसॉल्टचे खांब आहेत. मुंबईला अंधेरीचा गिल्बर्ट हिल, ६१ मीटर उंच, आता इमारतींनी वेढलेला. आधी बेसॉल्टचे खांब बघून मग मालप्याला गेलं की रंगातला फरक लगेच जाणवतो. तिथला खडक फिकट, करडा-तपकिरी, ताजा फुटलेला भाग तर आणखी उजळ. फक्त ताजा भाग बघायला हातोडी काढू नका. संरक्षित ठिकाण आहे, दगडाचा तुकडाही उचलू नका. लाटांनी फोडलेले कडे आहेतच, त्यावर सगळं दिसतं.

कोरेगाव_शाळा

आंबेनळी सर, चाळीस मुलं नेणं यंदा शक्य नाही. वर्गात दाखवता येईल असं काही?

आंबेनळी

येईल, आणि स्वस्तात. कॉर्नफ्लॉवर आणि पाणी वजनाने समसमान. अर्धा किलोला अर्धा लिटर. उभ्या कडांच्या काचेच्या भांड्यात ओता, जाडी सहा-सात सेंटिमीटर मिळेल असं भांडं घ्या. बुरशी येऊ नये म्हणून घरातल्या ब्लीचचे चार-पाच थेंब. वर वीतभर अंतरावर जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब लावा, एलईडी नाही, त्याला उष्णता नसते. आठवडाभर हलवायचं नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत वरून मोठमोठ्या भेगा पडतात. तेवढं बघून बहुतेक जण प्रयोग संपवतात. ते खांब नव्हेत. खांब त्यानंतर आतून, वरून खाली सरकत तयार होतात, जाडी काही मिलिमीटर. पूर्ण वाळल्यावर ढेकूळ अलगद हाताने फोडा, सुरीने कापू नका, कापलं की पीठ चुरडतं आणि काही दिसत नाही. खालची बाजू वर करून भिंगातून बाजू मोजायला द्या.

फसतं ते तीन कारणांनी. थर दोन सेंटिमीटरचा ठेवला तर खांब वाढायला जागाच नाही. बल्ब फार जवळ आणला तर वरचा पापुद्रा कडक होऊन खालचं ओलं राहतं. आणि तिसरं, शिपाई रोज संध्याकाळी बल्ब बंद करतो. चिठ्ठी लावा.

तासगावचा_बेदाणा

पटलं. आता तिथीचं बोला, धाग्याच्या नावात लिहून ठेवलंय आणि अजून पत्ता नाही.

दापोलीचे_जावई (हल्ली सांगली)

आलो. हे घाटावरच्या लोकांना कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

कोकणातला हिशोब: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल असो वा वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण बरोबर ३, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्हीकडे. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊच्या सुमारास. हा हिशोब मुंबई-रायगडकडे चांगला बसतो. दक्षिणेकडे जावं तशी भरती आधी येते. मालप्याला तासाभराने आधी धरा आणि शेवटचा शब्द इन्कॉइसच्या भरती-ओहोटीच्या अंदाजाचा माना. हैदराबादची संस्था आहे, संकेतस्थळावर फुकट दिसतं.

आता गंमत बघा. सर्वांत खोल ओहोटी उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस. म्हणून हौशी मंडळी पौर्णिमा धरून जातात. पण पौर्णिमेचा हिशोब करा: १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भर दुपारच्या तोंडाला भरती, आणि ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी पाचच्या आसपास. बोटी चालतात सकाळी नऊच्या सुमारास सुरू होऊन दिवसाउजेडी. तुम्ही बेटावर असता तेव्हा बरोबर पाणी चढलेलं. खोल ओहोटी होते, पण तुमच्या वाट्याला येत नाही.

उलटं टोक अष्टमी. ८ ची पाऊणपट ६, ओहोटी बाराला, बोटीच्या वेळेत छान बसते. पण अष्टमीला भांग. पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही.

म्हणून मधलं धरायचं: पंचमी, षष्ठी, फार तर सप्तमी. षष्ठीला भरती साडेचार, ओहोटी साडेदहा, मालप्याला साडेनऊच्या आसपास. पहिल्या बोटीने गेलात तर उतरता उतरता पाणी सर्वांत खाली. उधाण नुकतंच ओसरलेलं असतं म्हणून ओहोटी अजून बऱ्यापैकी खोल. एकादशी-द्वादशीलाही ओहोटी दिवसा येते, पण दुपारी एक-दोनला. तेव्हा ऊन डोक्यावर, खाऱ्या वाऱ्याला जोर आलेला, परतीची बोट आदळत येते. थंडीच्या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून असतो आणि समुद्र शांत असतो, दुपारनंतर उलटतो.

मुंबईत उधाणाला पाण्याचा चढउतार चार मीटरच्या वर जातो. मालप्याला तो दीड मीटरच्या आसपास. कमी वाटतं ना? पण म्हणूनच वेळ चुकवून चालत नाही. खडकाचा जो सपाट पट्टा बघायचा तो एवढ्या थोड्याच पाण्याने झाकला जातो. तासभर उशीर झाला तरी खालचे खांब जातात. शिवाय त्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त खोल, एक उथळ. तक्त्यात दोन्हींचे आकडे असतात, दिवसाचा आकडा बघून ठरवा.

मिरज_जंक्शन

+१. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळता आली तर टाळा. षष्ठी मंगळवारी आली तर सोनं. मोठी बोट पुरेशी माणसं झाली की सुटते, त्यामुळे मधल्या वारी पहिल्या बोटीला थोडं थांबावं लागतं, पण रविवारची तिकिटाची रांग त्याहून लांब.

वेण्णातीर (सातारा)

जावईबापूंनी धाग्याचं काम केलं. बोटीचं पुरवणी म्हणून:

मोठ्या बोटी मालपे बंदराच्या धक्क्यावरून सुटतात. हे मासेमारीचं मोठं बंदर आहे, सकाळी मासळीच्या गाड्यांची वर्दळ असते. चारचाकी आत घुसवू नका, वाहनतळावर लावून चालत जा. बेटावर पोचायला वीस मिनिटं ते अर्धा तास. तिकीट घेतानाच परतीच्या बोटीची वेळ आणि बेटावर किती वेळ थांबू देतात ते स्पष्ट विचारा. नेहमीचा प्रवासी तासाभरात कंटाळतो, त्या हिशोबाने बोटी फिरतात. जास्त थांबायचं तर नंतरच्या बोटीने परत येऊ का, हे तिकीट खिडकीवर आणि बोटीवाल्याकडे दोन्हीकडे बोलून घ्या. एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याला माहीतच नाही, असं होतं.

उडुपीला कृष्णमठात दर्शन घेऊन मग बोट, असा बेत खूप जण आखतात. दर्शनाच्या रांगेत सकाळ जाते आणि ओहोटी हातची निसटते. मठ संध्याकाळी ठेवा.

पावसाळ्यात बोटी बंद. साधारण जूनपासून सप्टेंबरअखेर, पण समुद्र खवळला तर आधीच थांबवतात आणि उशिरा सुरू करतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरं. एप्रिल-मे मध्ये आणखी एक धोका, लांब पल्ल्याच्या लाटांचा. दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळाने उठलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यावर पोचतात, तेव्हा इथे आभाळ स्वच्छ आणि वाराही नसतो. इन्कॉइस त्याचे इशारे देते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तेवढं बघायचं.

प्रीतिसंगम

सामान आणि सुरक्षितता माझ्याकडून.

पायात मागे पट्टा असलेली, खाली खोल नक्षीची सँडल किंवा जुने बूट. हवाई चप्पल नको. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाचे दोन पट्टे ओळखायला शिका. हिरवट, चमकणारा पट्टा म्हणजे शेवाळ, तिथे पाय ठेवला की गेलात. पांढरट खरखरीत पट्टा म्हणजे कालवं आणि बार्नॅकल, तिथे पाय घसरत नाही पण हात टेकला की कापतो. कोरड्या, करड्या खांबांच्या डोक्यांवरूनच चाला. वर्तमानपत्र वाचायचा चष्मा असेल तर दोरी लावून गळ्यात अडकवा, खाली बघत चालताना हमखास पडतो.

पाणी माणशी दीड ते दोन लिटर, घरच्या बाटलीत. सावली नारळाखाली तेवढीच, खडकावर अजिबात नाही. टोपी पट्ट्याची. एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक नेऊ नका, आणि नेलेलं सगळं परत आणा. मद्य चालत नाही. बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी बसण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. डॉक्टरांना आधी विचारा, आणि ज्याला त्या दिवशी गाडी चालवायची आहे त्याने घेऊ नये, झोप येते. नाश्ता हलका करा, पण रिकाम्या पोटी बसू नका.

लाइफ जॅकेट अंगावर असतं पण पट्टे मोकळे असतात, हे नेहमीचं चित्र. पट्टा आवळा आणि खांद्याकडून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात तो त्यातून खाली निसटतो. लहान मापाचं मागून घ्या, नसेल तर पुढच्या बोटीने जा.

समुद्राकडच्या कड्यावरून पाण्यात उतरू नका, गुडघाभर सुद्धा. खांबांमधल्या फटीत लाट शिरते तेव्हा पाणी वर उसळतं, परतताना ओढ फार असते आणि पकडायला गुळगुळीत दगडाशिवाय काही नाही. एप्रिल २०२२ मध्ये सहलीला आलेले विद्यार्थी इथेच बुडाले. पोहायला ठरवून दिलेली जागा आहे, तिथे रक्षक असतात, त्यांची शिट्टी ऐका. फोटोसाठी कड्यावर पाठ समुद्राकडे करून उभं राहणं हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार.

विटा_टू_वर्ल्ड

फोटोवरून आठवलं. मोबाइलवर खांबांचे फोटो सपाट येतात, खोली दिसतच नाही. काय करायचं?

वेण्णातीर (सातारा)

दोन वेगळे फोटो काढायचे असतात, लोक एकच काढतात.

खांबांची डोकी दाखवायची तर मोबाइल जमिनीला समांतर धरून बरोबर वरून. तिरपा धरला की षटकोन चेपतो आणि नंतर कोन मोजता येत नाहीत. शेजारी मापाला काहीतरी ठेवा: पेन, दहा रुपयांचं नाणं, सहा इंची पट्टी. माप नसलेल्या फोटोत वीतभर खांब आणि हातभर खांब सारखेच दिसतात. उंची दाखवायची तर बाजूने, कमरेच्या उंचीवरून, शेजारी माणूस उभा करून. सर्वांत उंच खांब सहा मीटरच्या आसपास आहेत.

ओला दगड चकाकतो. ध्रुवीकरण फिल्टर असेल तर लावा, मोबाइलवाल्यांनी सूर्याकडे तोंड न करता बाजूने काढा. खारं पाणी लेन्सवर बसतं, सुती रुमाल खिशात हवा, तोही कोरडा. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका, बंदर जवळ आहे.

कोरेगाव_शाळा

पुढच्या वर्षी वीस मुलांचा गट नेता आला तर तिथे त्यांना काम काय द्यावं? नुसतं बघा म्हटलं की दहा मिनिटांत शिंपले गोळा करायला पळतात.

आंबेनळी

शिंपलेही गोळा करू देऊ नका, तिथले तिथेच राहू द्या.

काम असं: चार-चारचे पाच गट. प्रत्येक गटाला खडूने नाही, सुतळीने आखलेला दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन. खडू दगडावर राहतो. चौकोन कोरड्या, सपाट भागात, समुद्राकडच्या कड्यापासून लांब, आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठा माणूस. चौकोनात पूर्ण दिसणारा प्रत्येक खांब मोजायचा: बाजू किती, सर्वांत लांब बाजू किती सेंटिमीटर. शिंप्याची टेप सर्वांत चांगली, दगडाच्या कडेवर वळते. तक्ता शाळेतूनच छापून न्या, वाऱ्यात कागद उडतो म्हणून पुठ्ठ्याला वर-खाली दोन चिमटे. पेन नको, पेन्सिल, शाई फुटते.

अर्ध्या तासात गटाला वीस-पंचवीस खांब होतात. परत आल्यावर पाचही गटांचे आकडे एकत्र करून स्तंभालेख काढायचा. पाच आणि सहा बाजू पुढे असतील, पण कोण पहिला ते मुलांनाच काढू द्या. अपूर्ण दिसणारे खांब मोजले तर चार बाजूंची संख्या उगाच फुगते, ही चूक पहिल्या पाच मिनिटांत होते, तेव्हाच फिरून बघा. मग कॉर्नफ्लॉवरच्या ढेकळाचा आलेख शेजारी लावा.

तासगावचा_बेदाणा

येताना वाटेत अजून एखादा दगड? एवढं लांब जाऊन एकच बेट बघायचं म्हणजे बायको विचारणार.

मिरज_जंक्शन

याणा. कुमठ्यापासून आत जंगलात. चुनखडकाचे दोन काळे सुळके, मोठा १२० मीटर, धाकटा ९० मीटर. खाली भैरवेश्वराचं देऊळ, मोठ्या सुळक्याच्या पोटातून वाट जाते. तोही ना बेसॉल्ट ना रायोलाइट, तिसरीच जात. परतीचा मुक्काम कुमठ्याला केला तर सकाळी याणा आणि दुपारी अंकोल्याहून घाट.

वेण्णातीर (सातारा)

आणि घाट उजेडातच चढा. पावसाच्या तोंडावर किंवा अवकाळी झाला तर निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का ते स्थानिक बातम्यांत बघा. अंकोल्याजवळ शिरूरला जुलै २०२४ मध्ये अख्खा डोंगर महामार्गावर आला होता. तोच रस्ता आहे हा.

तासगावचा_बेदाणा

चला, दिनदर्शिका काढली. पंचमी गुरुवारी, षष्ठी शुक्रवारी दिसतेय. शुक्रवार धरू का?

दापोलीचे_जावई (हल्ली सांगली)

दोन्ही चालतील, पण गुरुवार घ्या. ओहोटी थोडी लवकर, पण जास्त खोल, आणि गर्दी कमी. बुधवारी रात्री उडुपीत पाहिजे, सकाळी साडेआठला धक्क्यावर. त्या दिवशी लाटांचा इशारा निघाला तर शुक्रवार राखीव राहतो.

तासगावचा_बेदाणा

ठरलं. बायको म्हणते सँडल नवीन घ्यायला लागतील.

प्रीतिसंगम

नवीन घेतल्या तर आठवडाभर आधीपासून घरात वापरा म्हणावं. खाऱ्या पाण्यात नवा पट्टा टाच सोलतो.